घुमट कुणी पाडला

सदा,

तू गेल्यापासून मी घराला तीन वेळा लाथ मारली. तिन्ही वेळा घर जिंकलं. चौकोनी घराची भिंत लाथ मुकाट्याने घेते. आपल्या घुमटाची भिंत जमिनीपासूनच मागे झुकायला लागते, त्यामुळे लाथ वरच्या वर सरकते आणि मारणारा पाठीवर पडतो. तिसऱ्या वेळी मी पडलो तो थेट निर्मलाच्या तुळशीच्या कुंडीवर. कुंडी फुटली, अंगठ्याचं नख काळंनिळं झालं आणि बायको दारात उभी राहून म्हणाली, "झालं? आता डोकं आपटायचं असेल तर थांबा, तिकडे कांदे वाळत घातलेत ते उचलते."

नाक्यावर तुझा फ्लेक्स लागला आहे. जन्म, मृत्यू, शोकाकुल मित्रमंडळ, सगळं त्यात आहे, म्हणून ते मी इथे लिहीत नाही. फोटोत तू हसतोयस. तुझा हसरा फोटो एकच होता, माझ्या लग्नातला, आणि त्यात तू मलाच हसत होतास. फ्लेक्सवाल्याने मला कापून काढलंय. माझा एक कान मात्र तुझ्या खांद्यावर राहून गेलाय.

मी लिहितोय ते वेगळ्याच कामासाठी. अकरा वर्षांपूर्वी तू मला एक काम सांगितलं होतंस. "आक्काला तू सांग." तीन शब्दांचं काम. ते मी केलं नाही, आणि तू गेलास.

आक्का म्हणजे तुझी थोरली बहीण अनसूया, नदीपलीकडच्या वाडीत दिलेली. तिला काय सांगायचं होतं ते आज एकदाचं उघड लिहितो. पोलादपुरात मला लोक ओळखतात ते माझ्या फजित्यांमुळे. कशेडी घाटात बंद पडलेल्या जीपला मी मागून धक्का मारला, जीप उताराला लागली आणि मला सोडून खेडला गेली, ही गोष्ट मी निदान दोनशे वेळा सांगितली असेन. प्रत्येक गोष्टीत गाढव मीच असतो. लोक हसतात, चहा पाजतात. फक्त एका गोष्टीत मी गाढव बदललं होतं. तिथे तुला उभं केलं होतं.

महाडच्या शाळेत मी तेव्हा नुकताच ड्रॉइंगचा मास्तर म्हणून लागलो होतो. डिप्लोमा ताजा होता, अंगात वारं होतं. एका मासिकात गोल घराचं चित्र पाहिलं आणि झोप उडाली. खांब नाही, तुळई नाही, कौलं नाहीत, पत्रे नाहीत. वादळ आलं तर वाऱ्याला पकडायला काही सापडतच नाही, तो अंगावरून घसरून निघून जातो. मी ते चित्र तुझ्यासमोर ठेवलं. तू ते आडवं धरलंस, उभं धरलंस, उलटं धरलंस.

"भाल्या, हे घर हाय का उपडी घातलेली कढई?"

"घुमट आहे. जगात लोक राहतात यात."

"जगात लोक झाडावर पन ऱ्हातात. आलमारी कुठं लावशील?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. आमचं कपाट आजही भिंतीपासून दीड हात पुढे, खोलीत घुसलेल्या पाहुण्यासारखं उभं असतं आणि त्याच्यामागे दर पावसाळ्यात धामण येऊन राहते. पण तू बांधायला तयार झालास. तुझा स्वभावच तो. आधी शिव्या द्यायच्या, मग ओळंबा काढायचा.

लाकडी साचा परवडणारा नव्हता, म्हणून युक्ती तूच काढलीस. लाल मातीचा घराएवढा ढीग रचायचा, धुमसाने ठोकून गोल करायचा, त्यावर सळ्या आणि कोंबडीजाळी बांधायची, वर सिमेंट चढवायचं. सिमेंट पक्कं झालं की दारातून आतली माती उपसायची, की घर तयार. आधी घर भरायचं, मग रिकामं करायचं. दहा दिवस तू, आक्काचा नवरा विठोबा आणि वाडीतली चार माणसं त्या मातीला धुमसाने बडवत होतात. शेवटचा थर चढवून ओली गोणपाटं टाकलीस आणि मला बजावलंस, "एकवीस दिवस पानी मार. आतल्या मातीला हात लावायचा नाय. लावलास तर तुझा हात तोडीन." मग आठव्या दिवशी तू तीन दिवसांसाठी पाचाडला गेलास, एकाच्या विहिरीचा कठडा बांधायला.

पाऊस जवळ आला होता. मेहुणा मुंबईहून माणसं घेऊन येणार होता आणि मी त्याला तयार घुमट दाखवायचं कबूल करून बसलो होतो. मी कागद काढला, आकडेमोड केली आणि सिद्ध केलं की घुमट स्वतःचं वजन स्वतः पेलतो, त्याला मातीची गरज नाही. कागदावर ते खरं होतं. सिमेंटला कागद वाचता येत नव्हता. ते नऊ दिवसांचं होतं.

गडी ऐकेनात. विठोबा म्हणाला, "सदाचा शबूद पायजे." तेव्हा मी नाक्यावरच्या एसटीडी बूथपर्यंत चालत गेलो, बाहेर उभं राहून एक सिगारेट ओढली, परत आलो आणि म्हणालो, "सदाचा फोन झाला. काढा म्हणाला."

बैलगाडी एकाच बाजूला लागत होती, म्हणून त्याच बाजूची माती आधी उपसली. हा माझा दुसरा शोध. दुपारपर्यंत अर्धं पोट रिकामं झालं, अर्धं भरलेलं राहिलं. मी बाहेर उभा राहून गड्यांना घुमटाचा इतिहास सांगत होतो. आवाज मोठा झाला नाही. पोत्यावर पोतं पडावं तसा एक धप्प आवाज आला. मग सळ्या वाकल्याचा करकराट, आणि त्यातून विठोबाचा ओरडा. पश्चिमेची पूर्ण बाजू आत बसली होती. विठोबाचा उजवा पाय गुडघ्याखाली त्या लगद्यात होता आणि एक सळई पोटरीतून आरपार गेली होती. आम्ही पहारींनी सिमेंट फोडलं. माझी एक पहार त्याच्या घोट्यावर बसली. सळईतून तो पाय वाचला असता, तर माझ्या पहारीतून वाचला असता का, हा प्रश्न मी कधी कुणाला विचारलेला नाही.

तू पाचाडहून ट्रकमध्ये बसून महाडच्या दवाखान्यात आलास तेव्हा हाताला ओलं सिमेंट होतं. आक्का व्हरांड्यात उभी होती. तिने तुला दाराशीच धरलं, सदऱ्याला, दोन्ही मुठींनी.

"तू फोन केला होतास?"

तू तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्याकडे पाहिलं आणि मग भिंतीवर लावलेल्या लसीकरणाच्या पोस्टरकडे पाहिलं. त्यात एक गुटगुटीत बाळ होतं. ते बाळ मला आजही ओळखू येईल.

"हो," तू म्हणालास. "केला होता."

तिने तुला मारलं. भिंतीला टेकवून मारलं, नर्स धावत येईपर्यंत मारलं. तुझं नाक फुटलं. तू हात वर केला नाहीस. मी लसीकरणाचं पोस्टर वाचून पाठ केलं.

परतीच्या एसटीत तू नाकाला रुमाल धरून बसला होतास. म्हणालास, "तुझी नोकरी नवी हाय. शाळंत कळलं तर हाकलतील. मिस्त्र्याला शिव्यांची सवय असते." पोलादपूर जवळ आल्यावर म्हणालास, "आक्काला तू सांग. मी सांगितलं तर तिला वाटंल, हात झटकतोय. जमंल तेव्हा सांग. पन सांग."

विठोबाचा पाय गुडघ्याखाली गेला. त्या वर्षीच्या भाऊबीजेला तू नारळ आणि साडी घेऊन वाडीत गेलास. आक्काने पाट मांडला नाही, पुढेही कधी मांडला नाही. साडी तशीच परत आली.

पडलेली बाजू तूच फोडून काढलीस. दोन दिवस तू घण चालवलास. मी मदत करू का विचारलं तर म्हणालास, "समोर उभा ऱ्हा फक्त." घणाचा प्रत्येक घाव कुणासाठी होता ते मला कळत होतं आणि तो सिमेंटवर पडत होता म्हणून मी आभारी होतो. मग तू पुन्हा माती रचलीस, पुन्हा बडवलीस, पुन्हा चढवलंस. या वेळी तू एकवीस नाही, चाळीस दिवस तिथेच झोपडी घालून राहिलास आणि मला घराजवळ फिरकू दिलं नाहीस.

तुझं घर उत्तम झालं, सदा. हे तुला मी तोंडावर कधी म्हणालो नाही. मेच्या उन्हात आत पाऊल टाकलं की विहिरीत उतरल्यासारखं वाटतं. वादळात शेजारच्या गोठ्याचे पत्रे आमच्या अंगणात येऊन आपटतात. आमचा एक कणही कुठे जात नाही. आणि खोट काढायला बसलो तर दिवस पुरणार नाही. सगळंच छप्पर असल्यामुळे सगळंच गळतं. दर एप्रिलमध्ये मी दोर बांधून वर चढतो, डांबर भरतो आणि एकदा तरी घसरत खाली येतो. माकडं तर त्यासाठीच येतात. निर्मलाला कोपरा मिळत नाही म्हणून केर काढताना तो घरभर गोल फिरत राहतो. मुंबईची एक मोटार घाटाकडे जाताना थांबली, दोन बायका उतरल्या, दाराशी फुलं ठेवून नमस्कार केला आणि गेल्या. आत मी बनियनवर भजी खात बसलो होतो.

पण सगळ्यांत वाईट म्हणजे आवाज. या भिंतीशी कुजबुजलं तर त्या भिंतीशी बसलेल्याच्या कानात पडतं, मधल्या माणसाला मात्र ऐकू येत नाही. निर्मला चुलीशी पुटपुटते ते मला पलंगावर कळतं. संसारासाठी हे चांगलं नाही. तुला हे आधी कळलं. दर गणपतीत तू जेवायला यायचास, पाहुण्यांच्या गर्दीत समोरच्या भिंतीला टेकून बसायचास आणि भिंतीकडे तोंड करून हळूच विचारायचास. पंचवीस माणसं मोदक खात असायची आणि माझ्या कानात तुझा आवाज यायचा.

"सांगितलंस का?"

मी भिंतीकडे तोंड करून म्हणायचो, "दिवाळीत सांगतो."

खरं तर मी सांगत होतो, पण चहाच्या टपरीवर, आणि भलतंच. लोक विचारायचे, मास्तर, तो घुमट कसा पडला हो? तेव्हा मी म्हणायचो, "आमच्या सदाचं कर्तृत्व. पाचाडात बसून पोलादपुरातलं घर पाडणारा जगातला पहिला मिस्त्री." लोक फुटायचे. एकदा लोक हसले, पण माझ्याकडे न पाहता हसले. मी वळलो तर तू मागे उभा होतास, हातात चहाचा ग्लास घेऊन.

त्या संध्याकाळी तू घरी आलास आणि सरळ माझ्या तोंडावर ठोसा मारलास. मीही मारला. मग आपण दोघं, तिशी ओलांडलेले, पोटं सुटलेले, त्या गोल घरात एकमेकांना घोळसत राहिलो. कोपरा नसल्यामुळे कुणालाच कुणाला कोपऱ्यात घेता येईना. कपाट पडलं, तू माझा दंड चावलास, मी तुझ्या डोक्यात पंचांग मारलं कारण हाताशी तेच होतं. तू माझा गळा धरलास आणि खरंच आवळलास. मला आठवतं, डोळ्यांपुढे काळं येत होतं आणि मी विचार करत होतो की बरं झालं, आता सांगावं लागणार नाही. निर्मला लाटणं घेऊन आली. कुणाला मारायचं हे ठरवून ती आली नव्हती, म्हणून तिने दोघांनाही मारलं.

तू एक वर्ष आला नाहीस. मग तो पावसाळा आला, ज्यात डोंगर सुटले. आमच्या मागच्या टेकाडावरून एक धोंडा निघाला, बैलाएवढा. तो घुमटावर आदळला, आतून सगळी भांडी एकदम खाली आली, आणि धोंडा अंगावरून घसरून पुढच्या शेतात जाऊन पडला. तू कमरेएवढ्या पाण्यातून दोर घेऊन आलास. मी दारात उभा होतो. तू मला बाजूला सारलंस, धोंडा आदळला तिथे भिंतीवर तीन थपडा मारल्यास, कान लावलास आणि म्हणालास, "वाजतंय बरोबर." मग माझ्याकडे बघितलंस. आधी घराची चौकशी, मग माझी. मला वाईट वाटलं नाही. घराने तुला कधी फसवलं नव्हतं.

पाणी ओसरल्यावर आपण वाडीत गेलो. आक्काच्या अंगणात चिखल शिरला होता. आपण सामान उचलू लागलो. तू तिच्या तांदळाच्या कणगीला हात घातलास आणि ती दुसऱ्याच कुणाला तरी म्हणाली, "त्याला सांगा, माझ्या घरातल्या वस्तूला हात लावू नको. त्याचा हात लागला की माणसं अधू होतात."

तू हात काढलास. दोन्ही हात वर धरून, चिखलात, तसाच उभा राहिलास.

मी तिची कोंबडी धरून उभा होतो. तिने माझ्याकडे पाहून म्हटलं, "मास्तर, तुम्ही बसा हो, भिजलात." कोंबडी माझ्या हाताला टोचत होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "कोंबडी कुठे ठेवू?"

माझ्या सगळ्या फजित्यांत ही एक आजवर कुणाला सांगितली नाही. हिला हसण्याजोगं काही नाही.

तुला नेलं त्या दिवशी आक्का आली होती. रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली. तिरडी निघाली तेव्हा तिने पदर तोंडात कोंबला आणि पाठ फिरवली. घरात पाऊल टाकलं नाही. मी खांदा दिला होता. तुझं वजन मला इतकं कधी वाटलं नव्हतं.

काल गेलो मी, सदा.

भाताची झोडणी चालली होती. आक्का खळ्यात एकटी बाकावर पेंढ्या आपटत होती. विठोबा कुबडी बाजूला ठेवून खाटेवर बसला होता. मी चपला काढल्या आणि बोलायला लागलो. घरून वाक्यं जुळवून नेली होती, तीही चांगली. त्यातलं एकही आठवलं नाही. म्हणालो, "आक्का, सदाने फोन केला नव्हता. मी खोटं सांगितलं. बूथच्या बाहेर सिगारेट ओढली आणि परत आलो."

ती आपटतच राहिली. त्या पेंढीतले दाणे केव्हाच संपले होते, तरी आपटत राहिली. काड्या उडत होत्या. मग थांबली.

"त्याला म्हाईत होतं?"

"हो."

"दवाखान्यात?"

"हो."

"मी त्याचं नाक फोडलं तवा तू कुठं होतास?"

तिने मला आयुष्यात पहिल्यांदा अरेतुरे केलं होतं. मी म्हणालो, "तिथेच."

तिने नवी पेंढी उचलली, दाण्यांनी भरलेली, जड. ती माझ्या कानशिलावर बसली. चष्मा उडून भाताच्या राशीत गेला. "एक," ती म्हणाली. मला वाटलं तोल गेलाय तिचा, पण दुसऱ्याला ती म्हणाली, "दोन," आणि मला कळलं ती काय मोजते आहे. पाट न मांडलेल्या भाऊबीजा. पाठीवर, खांद्यावर, तोंडावर. दाणे सदऱ्यात शिरले. पाचव्याला मी गुडघ्यावर आलो. तुझ्यासारखे हात खाली ठेवायचे ठरवलं होतं, पण सहाव्याला डोकं झाकलं. मी तू नाही.

"बास कर गो," विठोबा म्हणाला. "मास्तर मरंल."

"मरू दे," ती म्हणाली. "सात."

विठोबाने आपली कुबडी उचलली. मला वाटलं तो मला सोडवायला येतोय. त्याने ती लांबवून माझ्या बरगडीत एकदा खुपसली आणि पुन्हा खाटेला टेकवून ठेवली.

अकराव्याला पेंढीत नुसत्या काड्या उरल्या होत्या. आक्काचा हात पुन्हा वर गेला आणि वरच राहिला. मी वाट बघत होतो. तिचा श्वास माझ्या डोक्यावर ऐकू येत होता, आणि त्या श्वासातून असा एक आवाज निघाला, सदा, की त्यापेक्षा मला आणखी मार चालला असता. ती तिथेच पेंढ्यात बसली. तुझं नाव घेऊन रडली. तेही शिव्या देत रडली, तुलाच शिव्या देत, का गप्प ऱ्हायलास रे मुडद्या म्हणून. विठोबा खाटेवरून सरकत सरकत तिच्यापर्यंत गेला. मी उठावं की बसावं ते कळेना, म्हणून भातात चष्मा शोधत राहिलो.

चष्म्याची एक काच गेली होती. मी चपला घालत होतो तेव्हा तिने मागून हाक मारली.

"मास्तर."

मी वळलो.

"बारावी यायची हाय अजून. आठ दिवसांनी."

"घरात यंदा सण नाही ना, आक्का?"

"सण कोन म्हनतंय? ये तू त्या दिवशी."

मार खायला यायचं की पाटावर बसायला, ते तिने सांगितलं नाही, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. निर्मला म्हणते, दोन्हीची तयारी ठेवा. मी जाणार आहे, सदा. नारळ नेणार आहे, तुझी परत आलेली साडी तुझ्या घरून मागून घेणार आहे, आणि नवा चष्मा घरी ठेवून जाणार आहे.

भाल्या